अभ्यास नसताना घेतलेली अभ्यासिका

पुण्याच्या नवी पेठेत, गांजवे चौकापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील अभ्यासिकेत मी १६ डिसेंबर २०२४ पासून १५ एप्रिल २०२५ पर्यंत जागा घेतली होती. तिचे परीक्षण लिहिण्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकणे योग्य होईल, ती म्हणजे मला तिथे कोणत्याही परीक्षेचा अभ्यास करायचा नव्हता. अमेरिकेतील सहा विद्यापीठांकडे मी भूजलशास्त्रातील पीएच.डी.साठी अर्ज केले होते, त्यांतील शेवटचा आदल्या रात्रीच गेला होता, आणि पुढचे चार महिने माझ्या हातात करण्यासारखे काहीही उरले नव्हते. हे चार महिने कुठे बसून काढायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी ही जागा घेतली. तेव्हा हे परीक्षण वाट पाहण्याची जागा म्हणून या अभ्यासिकेचे आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची किंवा संयुक्त परीक्षेची तयारी करणाऱ्यांना यातील खुर्च्या, दिवे आणि पाणी यांची माहिती उपयोगी पडेल. बाकीचा भाग त्यांना अनुभवाने माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अभ्यासिकेचे नाव देत नाही. मी लिहिणार असल्याचे चालकांना, म्हणजे सगळे ज्यांना काका म्हणतात त्यांना, सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लिहा ना मॅडम, पण नाव नका टाकू, आधीच वीस जण वेटिंगला आहेत." शिवाय त्या परिसरात दर दोन इमारतींमागे एक अभ्यासिका असल्याने माझे म्हणणे थोड्याफार फरकाने त्यांतील बहुतेकींना लागू पडावे.

माझे घर वारज्यात आहे आणि घरात मला स्वतंत्र खोली आहे, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. अडचण अशी होती की घरातील प्रत्येक जण माझ्याबरोबर वाट पाहू लागला होता. फोन वाजला की आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येई, बाबा काही विचारत नसत, पण वर्तमानपत्राचे तेच पान अर्धा तास समोर धरून बसत, आणि आत्याचा फोन दर रविवारी "काही कळलं का गं?" या एका वाक्यासाठी येई आणि त्यानंतर हवापाण्याची विचारपूस करून संपे. पहिले दोन अर्ज १ डिसेंबरला गेले होते, त्यामुळे मधल्या पंधरवड्यातच मला पुढच्या चार महिन्यांचा अंदाज आला. त्यातल्या एका दिवशी मी दोन विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर मिळून एकोणीस वेळा लॉग इन केले. अर्ज वाचणाऱ्या समित्या नाताळची सुट्टी संपून जानेवारी उजाडेपर्यंत बहुधा बसतही नाहीत हे मला ठाऊक होते, तरीही मी विसाव्या वेळी लॉग इन करण्याच्या बेतात होते. दुसऱ्या दिवशी मी जागा शोधायला बाहेर पडले.

पर्याय म्हणून आणखी एक सेवा माझ्यासमोर होती, तिचाही उल्लेख करायला हवा. परदेशी शिक्षणाच्या एका सल्लाकेंद्राकडून मी अर्जातील निबंध तपासून घेतले होते आणि त्यांच्या शुल्कात 'अर्जोत्तर साहाय्य' असा एक घटक होता. हे साहाय्य म्हणजे एक व्हॉट्सॲप गट निघाला. त्यात शंभरावर उमेदवार होते आणि कोणाला कुठून मुलाखतीचे बोलावणे आले, कोणाचा निकाल लागला, याच्या बातम्या दिवसरात्र पडत. केंद्राची माणसे त्यावर फुलांची चित्रे टाकत. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला निवडल्या गेलेल्या मुलाचा माझ्या अर्जाशी काडीचा संबंध नव्हता, तरीही त्याची बातमी वाचून माझी दुपार वाया जाई. आठव्या दिवशी मी गट सोडला. त्या घटकाचे पैसे वेगळे काढून परत मिळत नाहीत असे सांगण्यात आले, आणि मी वाद घातला नाही.

आता अभ्यासिका. महिन्याचे भाडे १,४०० रुपये, लॉकरचे १०० रुपये वेगळे, आणि ५०० रुपये अनामत. सहा विद्यापीठांच्या अर्जशुल्कात चाळीस हजारांच्या वर रक्कम गेल्यावर हा आकडा मला अगदीच किरकोळ वाटला. एकूण चौसष्ट जागा आहेत, त्यांपैकी बावीस मुलींच्या स्वतंत्र दालनात. प्रत्येक जागेला तिन्ही बाजूंनी लाकडी आडोसा, वर पांढरा दिवा, एक प्लग आणि एक अरुंद फळी आहे. जागा ठरलेली असते, म्हणजे रोज सकाळी पुस्तक टाकून जागा अडवावी लागत नाही, आणि हा फरक १,००० रुपयांच्या व १,४०० रुपयांच्या अभ्यासिकेतील खरा फरक आहे असे माझे मत झाले आहे. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पंखे चालत नाहीत. मार्चच्या शेवटी हे जाणवले. वायफाय इतका मंद आहे की शोधनिबंध उतरवायला एक चहा पिऊन येण्याइतका वेळ लागतो. अन्य कोणत्याही परीक्षणात मी हा दोष म्हणून लिहिला असता, परंतु ज्या व्यक्तीला दर दहा मिनिटांनी ईमेल उघडण्याची खोड लागली आहे तिच्यासाठी मंद वायफाय हे औषध आहे.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण हा माझा विषय आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत, गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याची चर्चा शहरभर सुरू झाली. नवी पेठ त्या पट्ट्यात येत नाही, पण अभ्यासिकेतील कित्येक मुली तिकडून बसने येत. तोपर्यंत इथला पाणी शुद्ध करणारा संच नेमका केव्हा दुरुस्त झाला होता हे कोणालाही सांगता येत नव्हते. मुलींनी मिळून काकांना तसे विचारले, आणि त्यांनी दोन दिवसांत गाळण्या बदलून तारीख लिहिलेली चिठ्ठी संचावर चिकटवली. तक्रार ऐकून घेऊन त्यावर हालचाल होण्याचा हा वेग मला विद्यापीठांच्या तुलनेत फारच सुखद वाटला.

या जागेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मात्र दाराशी असलेली मोबाइलची पेटी हे आहे. जुन्या टपालकचेरीत पत्रांसाठी असत तसे चाळीसेक खण असलेली ही लाकडी पेटी आहे, तिला एकच काचेचे दार आणि एकच कुलूप आहे, आणि किल्ली काकांच्या खिशात असते. फोन त्यात ठेवण्याची सक्ती नाही. परंतु एकदा ठेवला की दुपारी एक, सायंकाळी साडेचार आणि रात्री आठ या तीन वेळांखेरीज किंवा घरी निघतानाखेरीज मिळत नाही, घरून आलेला तातडीचा निरोप काकांच्या फोनवर येतो. पहिल्या आठवड्यात मी दुपारी एकला सर्वांत आधी जाऊन उभी राहत असे. नंतर एके दिवशी कागदावर एक हिशेब मांडला आणि तेव्हापासून साडेचारला जायची थांबले.

तो हिशेब असा. अमेरिकेचा पूर्व किनारा हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि तिथली कचेरी पाचला बंद होते तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन. पश्चिम किनाऱ्यावरची कचेरी तर आपल्या रात्री साडेदहाला उघडते. याचा अर्थ मी सकाळी नऊला अभ्यासिकेत येऊन सातला बाहेर पडते तो सगळा वेळ माझे भवितव्य ठरवणारी माणसे झोपलेली तरी असतात किंवा रात्रीचे जेवण करत असतात. दिवसा ईमेल तपासणे हे शुद्ध अंधश्रद्धेचे काम आहे. शनिवारी पहाटेनंतर तर थेट सोमवारी संध्याकाळपर्यंत काही येण्याचा संभव नाही, आणि २० जानेवारी व १७ फेब्रुवारी हे दोन सोमवार तिकडे सार्वजनिक सुट्टीचे असल्याने ते आठवडे मंगळवारी संध्याकाळी सुरू होणार होते. मी या तारखा घरच्या कालनिर्णयवर संक्रांत आणि शिवजयंतीच्या शेजारी पेन्सिलने लिहून ठेवल्या, आणि आईने त्या पाहून आत्याला कळवल्या, त्यामुळे आत्याचे रविवारचे फोनही बंद झाले. ९ मार्चला तिकडची घड्याळे तासभर पुढे सरकली आणि साडेसातचे साडेसहा झाले. तेव्हापासून मी निघण्याची वेळ साडेसहा केली. या हिशेबाला अपवाद असतात. जानेवारीत एका सकाळी अकराला एका विद्यापीठाचा ईमेल आला होता आणि तो मला दुपारी एकला दिसला. माझी गुणपत्रिका मिळालेली नाही असे त्यात यंत्राने लिहिले होते, आणि संध्याकाळी दुसऱ्या ईमेलने यंत्रानेच ती मिळाल्याचे कळवले.

अशा रीतीने दिवसाचे दहा तास निर्धोक ठरले, आणि ज्या तासांत काही येऊच शकत नाही नेमके तेच तास भाड्याने देणारी जागा मला अपघाताने मिळाली होती. त्या तासांत मी काय केले, तर पदव्युत्तर प्रकल्पातील विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी नव्याने लावल्या, एक सांख्यिकी प्रणाली शिकले, आणि जानेवारीपासून शेजारच्या मुलींच्या भूगोलाच्या शंका सोडवू लागले.

शेजारणींबद्दल लिहिल्याखेरीज हे परीक्षण पूर्ण होणार नाही, कारण अशा जागेत १,४०० रुपयांत जे मिळते त्यातला मोठा भाग त्यांचा असतो. मी आले तेव्हा त्यांतील बहुतेकींनी राज्यसेवेची पूर्व परीक्षा नुकतीच दिली होती. ती परीक्षा अनेकदा पुढे ढकलली गेली होती. २५ ऑगस्ट २०२४ ही तारीख ठरली, त्याच दिवशी दुसरी भरती परीक्षा आल्यामुळे पुण्यात, याच रस्त्यांवर, आंदोलन झाले, आणि अखेर १ डिसेंबरला पेपर झाला. म्हणजे माझे पहिले दोन अर्ज गेले त्याच दिवशी. आम्ही सगळ्याच निकालाची वाट पाहत होतो, फरक इतकाच की मी दोन आठवड्यांत घायकुतीला आले होते आणि माझ्या उजव्या हाताला बसणारी लातूरची ताई हे सहा वर्षे करत होती. तिची पद्धत मी जवळून पाहिली. उत्तरतालिका आली त्या दिवशी तिने एकदाच गुण मोजले, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, पान दुमडून पिनेने बंद केले आणि मुख्य परीक्षेचे पुस्तक उघडले. निकाल अनुकूल असो वा नसो, मुख्य परीक्षेचा अभ्यास वाया जात नाही असा तिचा रोखठोक हिशेब होता. कट ऑफ किती लागेल यावर जिन्यात रोज संध्याकाळी चर्चा झडे, ती तिथून चहाचा कप घेऊन शांतपणे निघून जाई.

मुख्य परीक्षा २०२५ च्या राज्यसेवेपासून वर्णनात्मक होणार होती, त्यामुळे पर्यायांवर खुणा करण्याची सवय असलेल्या आणि त्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली लांब उत्तरे लिहिण्याचा सराव करत होत्या. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्ट खडकाने झाकलेला आहे, घट्ट बेसाल्टमध्ये पाणी फारसे मुरत नाही, ते भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांमध्ये साठते, म्हणून एकाच गावात एक विहीर भरलेली आणि पन्नास पावलांवरची कोरडी असू शकते, हे मी तिथे इतक्या वेळा समजावून सांगितले की माझ्या मुलाखतीत प्राध्यापकांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ होते. त्याबद्दल कोणाचे आभार मानावेत हे मला अजून ठरवता आलेले नाही.

परदेशाच्या वाटेवरच्याही दोघी होत्या, आणि त्यांची वाट पाहण्याची रीत माझ्यापेक्षा अवघड होती. मला प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांचा निर्णय एकाच पत्रातून कळणार होता, कारण तिकडे विज्ञानशाखेच्या पीएच.डी.त बहुधा शुल्कमाफी व अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाचे वेतन हे प्रवेशाबरोबरच देतात. सोलापूरच्या मुलीचे तसे नव्हते. तिला ब्रिटनमध्ये समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी करायची होती आणि राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता. त्यासाठी हातात विनाअट प्रवेशपत्र लागते. ब्रिटिश विद्यापीठ मात्र पदवीचे अंतिम गुण हाती येईपर्यंत सशर्त पत्र देते, आणि पुढे व्हिसासाठी लागणारे पत्र देण्याआधी अनेक ठिकाणी अनामत रक्कम भरावी लागते. म्हणजे एक कागद दुसऱ्यासाठी अडलेला आणि दुसरा तिसऱ्यासाठी. साताऱ्याची वकील मुलगी चिव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीची तयारी करत होती. त्या शिष्यवृत्तीत अर्जातच तीन अभ्यासक्रम लिहावे लागतात, मुलाखती वसंतात होतात आणि निकाल जूनमध्ये लागतो, त्यामुळे विद्यापीठांनी तिला घेतले तरी आनंद साजरा करण्याची तिची तयारी नव्हती. तिच्या टेबलावर विद्यापीठाचे स्वीकृतीपत्र छापून ठेवलेले होते आणि त्यावर ती डबा ठेवत असे.

मुलींच्या दालनात दाराच्या वर तीन तसबिरी आहेत, सावित्रीबाई फुले, राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या. अशा तसबिरींकडे आपण सवयीने पाहत नाही. सोलापूरच्या मुलीने एकदा बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हटले की यांचीसुद्धा शिष्यवृत्ती मध्येच संपली होती. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला, आणि १९१७ मध्ये मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. पुन्हा जायला १९२० उजाडले. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, आणि जाताना शाहू महाराजांचीही मदत झाली. दोन तसबिरी शेजारी का आहेत हे मला त्या दिवशी कळले.

फेब्रुवारीत अमेरिकेतील वातावरण बिघडले. आरोग्य संशोधनाच्या सरकारी अनुदानातील अप्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे इमारती, प्रशासन वगैरेंसाठी विद्यापीठाला मिळणाऱ्या रकमेवर, १५ टक्क्यांची मर्यादा घालण्याची घोषणा झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि पैसा किती येणार याची खात्री नसल्याने अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. काही ठिकाणी दिलेले प्रवेशही मागे घेतले गेले. माझा विषय आरोग्याचा नव्हता, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार या न्यायाने सगळ्याच विभागांनी हात आखडता घेतला. जानेवारीत माझी मुलाखत घेतलेल्या एका प्राध्यापकांनी अत्यंत सौजन्याने लिहिले की त्यांना मला घ्यायचे आहे, परंतु या वर्षी त्यांच्याकडे जागा असेल की नाही हे त्यांनाच ठाऊक नाही. म्हणजे तेही वाट पाहत होते. हे पत्र वाचून मला विचित्र दिलासा मिळाला.

याच काळात मी या सेवेचा सर्वांत चुकीचा वापर केला, आणि तिथेच तिचा मोठा दोष माझ्या लक्षात आला. अभ्यासिका 'चोवीस तास खुली' आहे आणि जाहिरातीत हेच वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे. परीक्षार्थींसाठी तो गुण असेलही. माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी तो सापळा आहे, कारण रात्री आठला मोबाइलची पेटी उघडली की ती सकाळपर्यंत उघडीच राहते, आणि नेमके तेव्हाच सातासमुद्रापार कचेऱ्या सुरू झालेल्या असतात. घरी जागून आईची झोप मोडण्यापेक्षा इथे जागावे म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पाच रात्री तिथे काढल्या. मुलींच्या दालनाला रात्री आतून कडी असते आणि जिन्यावर रखवालदार असतो, त्यामुळे सुरक्षिततेची तक्रार नाही. पण पहाटे तीनला दोन जांभया देणाऱ्या आणि एक टेबलावर डोके ठेवून झोपलेली मुलगी सोडली तर कोणी नसताना, त्या पांढऱ्या दिव्याखाली आलेला नकार जितका कडवट लागतो तितका सकाळी घरी चहाबरोबर वाचलेला लागत नाही. पहिला नकार मी घरी सकाळी वाचला होता, दुसरा इथे पहाटे. दोन्हींतील मजकूर जवळपास सारखाच होता, यंदा अर्जांची संख्या अभूतपूर्व होती वगैरे. दुसऱ्यानंतर मात्र मला तीन दिवस काही सुचले नाही. काकांनी रात्रीही पेटीला कुलूप लावावे अशी सूचना मी लिखित दिली. ते हसले आणि म्हणाले की मग रात्रीचे गिऱ्हाईक एकही राहणार नाही.

दुसरा दोष लहान आहे पण नोंदवायला हवा. इथे बोलण्यासाठी एकही खोली नाही. व्हिडिओवरील मुलाखत, शिष्यवृत्ती समितीशी संभाषण, शिफारसपत्र देणाऱ्या सरांना फोन, यांपैकी काहीही करायचे असल्यास जिन्यात किंवा गच्चीवर जावे लागते. जिन्यात खालच्या मेसमधल्या फोडणीचा वास आणि भांड्यांचा आवाज येतो, गच्चीवर नेटवर्क येत नाही. साताऱ्याच्या मुलीने आपल्या सरावमुलाखती शेजारच्या अमृततुल्याच्या मागच्या बाकावर बसून दिल्या. एक कोपरा काच लावून वेगळा केला, तर त्याचे तासाला पन्नास रुपये वेगळे द्यायलाही मुली तयार आहेत.

शेवटचा महिना या परीक्षणात थोडक्यात सांगते. मार्चमध्ये आणखी दोन नकार आले, एका विद्यापीठाकडून काहीच आले नाही, आणि सहाव्याने, म्हणजे त्या सौजन्यशील प्राध्यापकांच्या विभागाने, मला प्रतीक्षायादीत ठेवले. इथे १५ एप्रिल या तारखेचे महत्त्व सांगायला हवे. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केलेल्या एका ठरावानुसार, आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाला उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला त्या तारखेपर्यंत मुदत असते. चार ठिकाणी निवड झालेली मुले आपला निर्णय शेवटच्या दिवसांपर्यंत लांबवतात, आणि त्यांनी नाकारलेल्या जागा तेरा, चौदा, पंधरा एप्रिलला प्रतीक्षायादीतल्यांकडे सरकतात. म्हणजे जानेवारी ते मार्च काहीही हलत नाही आणि मग तीन दिवसांत सगळे हलते. लातूरच्या ताईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझी लिस्ट पण आमच्यासारखीच खालून वर सरकते." तोवर पूर्व परीक्षेच्या निकालात तिचे नाव आले होते, आणि पिन लावलेले पान तिने तेव्हाही उघडले नव्हते.

१४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीनिमित्त, अभ्यासिकेत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम असतो. सकाळी सहाला सुरू होऊन मध्यरात्री संपतो आणि त्या दिवशी पेटी मध्ये एकदाही उघडत नाही. साडेसहाला निघण्याचा माझा नियम होता, आणि त्या संध्याकाळी तो पाळण्याची गरज इतर कोणत्याही दिवसापेक्षा जास्त होती हे मला कळत होते. तरीही मी नाव नोंदवले, कारण त्या रात्री घरी फोन हातात धरून बसण्यापेक्षा अन्य काहीही मला चालले असते. सोलापूरची मुलगी उपक्रमाची नोंदवही सांभाळत होती. रात्री नऊनंतर शेवटच्या तीन तासांत मी तिच्या निबंधाचे परिच्छेद तपासून दिले. बाराला सगळे उठले, तर काका नव्हते. ते मिरवणुकीत गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. ते बारा वीसला गुलाल माखून परतले. फोनवर दहा वाजून आठ मिनिटांनी आलेला ईमेल होता. जागा झाली आहे, शुल्कमाफी व साहाय्यकवेतनासह, आणि उत्तर १५ तारखेच्या सायंकाळी पाचपर्यंत, त्यांच्या घड्याळाने, कळवावे. मी तिथेच जिन्यात उभ्या उभ्या कळवले.

पेटीची दुसरी किल्ली रखवालदाराकडे असायला हवी, ही माझी तिसरी आणि शेवटची लिखित सूचना आहे.

अनामत ५०० रुपयांपैकी ४५० परत मिळाले. लॉकरच्या हरवलेल्या किल्लीचे ५० कापले, ते रास्त होते. ज्यांना डिसेंबरमध्ये जागा हवी आहे त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन नाव लावावे, दिवसाची जागा मागावी, आणि पंख्याखालची नको म्हणून सांगावे, कारण कागद उडतात. एकेचाळीस क्रमांकाच्या खुर्चीचे डावे चाक सैल आहे. मी दोनदा सांगूनही ते बदललेले नाही, घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगावे.